डार्क हॉर्स म्हणजे नेमकं कोण?

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना एखादं वाक्य निसटलं असेल तर इथे वाचून घ्या.)

कुणी बांधावर बसून ऐकत असेल, कुणी हिंगोली-परभणी एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून, कुणी पुण्यातल्या अभ्यासिकेतून चहासाठी खाली उतरलं असेल.

आजचा शब्द आहे ‘डार्क हॉर्स’. निवडणूक लागली की टीव्हीवर हा शब्द सुरू होतो. आयपीएल लागली की पुन्हा सुरू होतो. एमपीएससीचा निकाल लागला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या गावातलं लेकरू यादीत वर दिसलं, की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस: ‘डार्क हॉर्स निघाला भाऊ!’

म्हणजे शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. पण तो कुणाला लागू पडतो आणि कुणाला नाही, याचा मात्र गोंधळ आहे. जो कुणी अनपेक्षित जिंकला, तो डार्क हॉर्स, असं आपण सरसकट म्हणतो. तसं नाही. आज हा गोंधळ सोडवू, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यातच चांगली उदाहरणं आहेत.

आधी घोडा, मग राजकारण

शब्द आला घोड्यांच्या शर्यतीतून. इंग्लंडमध्ये शर्यतीवर पैसे लावणारे लोक घोड्यांची कुंडली पाठ ठेवायचे. कोणता घोडा कुठे धावला, कितवा आला, त्याचा जॉकी कोण. अशात एखादा घोडा यायचा ज्याची कुणालाच माहिती नाही. त्याच्यावर पैसे लावणारं कुणी नाही. आणि तोच पुढे निघून जायचा. १८३१ साली बेंजामिन डिझरायली यांच्या ‘द यंग ड्यूक’ या कादंबरीत अशीच एक शर्यत आहे: ज्या घोड्यांची चर्चा होती ते मागे राहतात आणि यादीत कुणी नीट पाहिलाही नव्हता असा घोडा जिंकतो. तिथून हा शब्द लेखनात रुळला. हेच डिझरायली पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. यातल्या ‘डार्क’चा घोड्याच्या रंगाशी संबंध नाही. घोडा पांढराशुभ्र असला तरी तो डार्क हॉर्स असू शकतो. इथे ‘डार्क’ म्हणजे ज्याची माहिती अंधारात आहे तो. म्हणून त्याचं मराठी ‘काळा घोडा’ करू नका. आपल्याकडे काळा घोडा म्हटलं की मुंबईचा तो भाग आठवतो, जिथे राजा सातवा एडवर्ड याचा घोड्यावरचा पुतळा होता. पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तरी नाव राहिलं. नाहीतर मग दाराला ठोकायची काळ्या घोड्याची नाल आठवते. ‘या निवडणुकीत अमुक हे काळा घोडा ठरले’ असं वाक्य मराठीत ऐकलं तर माणूस विचारतो, हे काय आता नवीन?

शर्यतीतून हा शब्द राजकारणात गेला. त्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८४४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन बाल्टिमोरला भरलं. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचा होता. मोठी नावं दोन होती. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, पण पुरेशी मतं कुणालाच मिळेनात. पहिल्या सात फेऱ्यांत जेम्स पोक या माणसाला एकही मत नव्हतं. आठव्या फेरीत त्यांचं नाव आलं, नवव्या फेरीत ते उमेदवार झाले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. विरोधक थट्टा करत विचारायचे, हे पोक कोण?

आता गंमत ऐका. हे पोक त्याआधी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष होते आणि टेनेसी राज्याचे गव्हर्नरही होते. म्हणजे माणूस मुळीच साधा नव्हता. फक्त त्या शर्यतीत त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. हा मुद्दा डोक्यात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

आपल्या भाषेत काय म्हणायचं?

मराठीत याला अगदी एकास एक जुळणारा शब्द नाही. पण आसपास बरेच वाक्प्रचार आहेत, आणि प्रत्येकाचा सूर वेगळा आहे.

पहिला, ‘झाकलं माणिक’. गुण आहेत पण लोकांना दिसले नाहीत. यात प्रेम आहे. पण यात शर्यत नाही. झाकलं माणिक आयुष्यभर झाकलेलं राहू शकतं. डार्क हॉर्सला मैदानात उतरावंच लागतं.

दुसरा, ‘छुपा रुस्तम’. हिंदीतून आला आणि आता आपलाच झाला. हा अर्थाने जवळ आहे. फक्त त्यात थोडी लबाडी आहे. ‘अरे, तू तर छुपा रुस्तम निघालास’ म्हणजे तू मुद्दाम लपवून ठेवलंस. खरं म्हणजे डार्क हॉर्समध्येही हे चालतं. शर्यतीचे घोडे मालक मुद्दाम लोकांच्या नजरेआड तयार करायचे, म्हणजे भाव जास्त मिळतो.

तिसरी म्हण, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. ही सावध करणारी म्हण आहे. मूठ झाकलेली आहे तोवर किंमत सव्वा लाख. उघडली आणि आत काही नसलं, तर? डार्क हॉर्स म्हणून ज्याची फक्त चर्चा होते आणि मैदानात काहीच होत नाही, त्याला ही म्हण लावा.

चौथी, ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’. राजकारणात हे फार होतं. दोन मोठे एकमेकांना अडवतात आणि तिसऱ्याच्या गळ्यात माळ पडते. पोक यांच्या बाबतीत थोडंफार हेच झालं. महाराष्ट्रात याच्या जवळचं उदाहरण म्हणजे बॅरिस्टर बाबासाहेब भोसले. १९८२ च्या जानेवारीत ए. आर. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. काँग्रेसमध्ये मोठमोठी नावं रांगेत होती. दिल्लीतून नाव आलं बाबासाहेब भोसले यांचं. सगळा महाराष्ट्र चकित झाला. ते जेमतेम वर्षभर मुख्यमंत्री होते. म्हणजे शर्यत जिंकली तरी पुढे गादी टिकवणं हे वेगळं काम.

आणि पाचवी, हरलेल्यांची आवडती: ‘आयत्या बिळावर नागोबा’. जिंकणाऱ्याला कमी लेखायचं असेल तर ही म्हण काढतात. कुणी डार्क हॉर्स म्हणतंय आणि कुणी नागोबा म्हणतंय, यावरून बोलणारा कोणत्या बाजूचा आहे ते कळतं.

मराठीत घोड्याच्या आणखी दोन म्हणी इथे कामाच्या आहेत. निकालाआधी जो फार फुशारकी मारतो त्याला म्हणा, ‘घोडामैदान जवळच आहे’. आणि निकालानंतर जो म्हणतो, ‘मला आधीच माहीत होतं हा जिंकणार’, त्याच्यासाठी आहे ‘वरातीमागून घोडं’.

तीन चाळण्या

मग डार्क हॉर्स कुणाला म्हणायचं? माझ्या मते तीन चाळण्या लावा. एक, माणूस किंवा संघ शर्यतीत उतरलेला हवा. दोन, त्याची तयारी, त्याची ताकद लोकांना माहीत नसायला हवी. तीन, त्याने खरंच काही करून दाखवायला हवं. जिंकायलाच पाहिजे असं नाही, पण मोठ्यांना घाम फुटला पाहिजे.

आता हिंगोलीचं उदाहरण घेऊ. २०१४ ची लोकसभा. देशभर मोदी लाट. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला फक्त दोन मिळाल्या: नांदेड आणि हिंगोली. हिंगोलीत राजीव सातव यांनी शिवसेनेचे तेव्हाचे खासदार सुभाष वानखेडे यांना हरवलं. फरक होता १,६३२ मतांचा. लोकसभेच्या मतदारसंघात एवढा फरक म्हणजे दोन-तीन गावांचं मतदान.

तर सातव डार्क हॉर्स होते का? बरेच जण पटकन ‘हो’ म्हणतील. चाळणी लावून बघा. शर्यतीत होते, हो. जिंकले, हो. पण लोकांना माहीत नव्हते का? ते कळमनुरीचे आमदार होते, युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. त्यांच्या आई रजनी सातव राज्यात मंत्री होऊन गेलेल्या. जिल्ह्यातल्या लहान पोरालाही नाव माहीत. दुसऱ्या चाळणीत अडकले. ते डार्क हॉर्स नव्हते, प्रवाहाच्या उलट पोहून गेलेले उमेदवार होते. इंग्रजीत त्याला ‘अंडरडॉग’ म्हणतात: ज्याची ताकद सगळ्यांना माहीत आहे, पण परिस्थिती विरोधात असल्यामुळे तो हरणार असं वाटतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण सर्वांत जास्त चूक इथेच होते. अंडरडॉगबद्दल लोकांना माहिती असते, आशा नसते. डार्क हॉर्सबद्दल माहितीच नसते.

दुसरं उदाहरण २०२४ चं, त्याच मतदारसंघातलं. शिंदे यांच्या शिवसेनेने आधी तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांचं नाव जाहीर केलं, मग ते बदलून बाबुराव कदम कोहळीकर यांना उमेदवारी दिली. अचानक आलेलं नाव! कट्ट्यावर लगेच चर्चा, हा डार्क हॉर्स असणार. निकाल लागला तेव्हा ठाकरे यांच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर एक लाखापेक्षा जास्त मतांनी निवडून आले. म्हणजे अचानक येणं ही फक्त एन्ट्री झाली. तिसरी चाळणी बाकी असते.

राजकारण बाजूला ठेवू, कुस्तीकडे येऊ. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. आधीचे विजेते अभिजित कटके आणि बाला रफिक शेख ही चर्चेतली नावं. अंतिम फेरीत मात्र दोघांपैकी कुणीच नव्हतं. तिथे समोरासमोर आले नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवार यांचे चेले, एकाच तालमीतले. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो तुम्ही बघितला असेल. इथे तिन्ही चाळण्या लागतात. आणि एकाच तालमीतून दोन डार्क हॉर्स निघाले, म्हणजे यात नशिबाचा भाग थोडा आणि तालमीचा जास्त.

अंधार कुणाच्या डोळ्यात?

आता पोक यांचा तो मुद्दा. ज्याला आपण ‘कुणालाच माहीत नव्हता’ म्हणतो, तो खरंच कुणालाच माहीत नसतो का?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. तिथला अविनाश साबळे, लष्करातला जवान. ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक घेतलं. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. सोनं हुकलं ०.०५ सेकंदाने. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. १९९८ पासून या प्रकारातली तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. जगाने विचारलं, हा कोण? पण भारतातल्या धावपटूंना विचारा. ते म्हणतील, अहो, हा गेली चार वर्षं स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम परत परत मोडतोय! तो ज्यांना दिसत होता त्यांच्यासाठी तो डार्क हॉर्स नव्हताच. अंधार बघणाऱ्यांच्या बाजूला होता.

आणि हे फक्त माणसांचं नाही. जिल्ह्यांचंही असंच होतं.

हळद म्हटलं की महाराष्ट्रात कुणाचं नाव येतं? सांगली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. बाजारपेठ तिथली, नाव तिथलं. पण तुम्ही वसमत, कळमनुरी, सेनगावकडचे असाल तर मे-जूनमध्ये बेणं लावण्यापासून नऊ महिन्यांनी कंद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोती भरेपर्यंतचं सगळं काम तुम्ही लहानपणापासून बघितलंय. आज राज्यातल्या हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यांमध्ये हिंगोली आघाडीवर आहे. वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झालं, २०२४ मध्ये वसमत हळदीला स्वतःचं जीआय मानांकन मिळालं. बाहेरच्यांना वाटतं, हिंगोली एकदम कुठून आलं? एकदम काही आलं नाही. पीक जमिनीखाली वाढत होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त पानं दिसत होती.

तसंच औंढा नागनाथचं. दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, त्यातून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा भारतात उभारायची होती. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं यंत्र. जागा ठरली औंढा तालुक्यात. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इथलीच जागा का? अशा यंत्राला शांत जमीन लागते. मोठ्या कारखान्यांची, रहदारीची थरथर चालत नाही. ज्या गोष्टीवरून आपल्याला ‘मागास जिल्हा’ म्हणून हिणवलं, ती शांतताच इथे गुण ठरली. अर्थात, कारखाने नसल्यामुळे आपली पोरं कामाला पुण्याला जातात, हेही तितकंच खरं आहे. एका शर्यतीत जिंकलो म्हणून दुसरी संपत नाही.

याच औंढ्याशी एक जुनी कथा जोडलेली आहे. नरसी हे संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून आपण मानतो. कथा अशी सांगतात की संतमंडळी जमली असताना गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना म्हटलं, हे मडकं अजून कच्चं आहे. नामदेवांना ते लागलं. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे आले आणि त्यांना गुरू केलं. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. नामदेव थेट पंजाबात पोहोचले. घुमान गावात आजही त्यांचं स्थान आहे, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ज्याला कच्चं ठरवलं, त्याने वारकरी विचार सर्वांत लांब नेला.

पण या कथेत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मधलं पाऊल. नामदेव ‘मी पक्काच आहे’ म्हणून वाद घालत बसले नाहीत. औंढ्याला गेले. डार्क हॉर्सच्या प्रत्येक गोष्टीत हा मधला भाग असतो आणि रीलमध्ये नेमका तोच कापलेला असतो.

जे अभ्यासिकेत बसलेत, त्यांच्यासाठी

हे मी आता थेट स्पर्धा परीक्षेवाल्यांशी बोलतोय. निलोत्पल मृणाल यांची ‘डार्क हॉर्स’ ही हिंदी कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. दिल्लीत यूपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांवरची. तिला २०१६ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून हा शब्द अभ्यासिकांमध्ये फार लोकप्रिय आहे. टेबलावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं: ‘मी डार्क हॉर्स’.

वाईट नाही. धीर येतो. पण एक हिशोब करा. परीक्षेला लाखो मुलं बसतात, जागा शेकड्यांत असतात. तिथे प्रत्येकालाच वाटतं की आपण डार्क हॉर्स आहोत. कुणाला दिसत नाही एवढ्यावर कुणी डार्क हॉर्स होत नाही. दिसत नसतानाही तयारी चालू आहे का, हा प्रश्न आहे. साबळेला जगाने पाहिलं नव्हतं, पण त्याच्या प्रशिक्षकाकडे प्रत्येक धावेची वेळ लिहिलेली असणार. तुमच्या तयारीची अशी वही आहे का? सराव परीक्षेचे मार्क वर चाललेत का? ते तुम्हाला स्वतःला तरी माहीत पाहिजेत. मूठ इतरांसाठी झाकलेली असू द्या, आपल्यासाठी उघडी ठेवा. आणि दोन-तीन वर्षांनी ती रिकामी दिसली तर मैदान बदलणं यात लाज नाही. घोडा एकाच शर्यतीसाठी जन्माला येत नाही.

आणि जे निकालानंतर टाळ्या वाजवतात त्यांच्यासाठीही. गावातली एखादी मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली की आपण म्हणतो, ‘काय डार्क हॉर्स निघाली!’ म्हणायला छान वाटतं. पण ती दोन वर्षं पहाटे पाच वाजता त्याच रस्त्यावर धावत होती ना? दूधवाल्याला दिसत होती, तिच्या आईला माहीत होतं. आपल्यालाच दिसली नाही. म्हणून पुढच्या वेळी शब्द वापरताना कौतुकाच्या जोडीला स्वतःला एक प्रश्न विचारा: ती अंधारात होती की आपण तिकडे बघत नव्हतो? कारण वेळेवर कुणी बघितलं असतं तर कदाचित बूट, एखादं पुस्तक, क्लासची फी, अशी काहीतरी मदत झाली असती. जिंकल्यावरचा फ्लेक्स उशिरा येतो, म्हणजे पुन्हा वरातीमागून घोडंच.

वापरून बघा

जाता जाता चार वाक्यं देतो, तुम्हीच ठरवा कोणतं बरोबर.

‘पाच वेळा चॅम्पियन झालेला संघ यंदाचा डार्क हॉर्स आहे.’ चूक. त्याला सगळे ओळखतात.

‘सरपंचपदाच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलच्या भांडणात बचत गटाच्या ताई डार्क हॉर्स ठरल्या.’ बरोबर, जर त्यांची ताकद कुणी मोजली नव्हती तर. नुसतंच दोघांच्या भांडणात झालं असेल, तर तिसऱ्याचा लाभ म्हणा.

‘शंकरपटात पहिल्यांदाच आलेली बैलजोडी डार्क हॉर्स निघाली.’ अर्थ बरोबर, पण बैलाला हॉर्स म्हणताना हसू येतं. तिथे आपलं सरळ म्हणा, ‘नवखी जोडी मैदान मारून गेली’.

‘मी डार्क हॉर्स आहे.’ हे सगळ्यात अवघड. स्वतःबद्दल बोलून टाकलं की मग अंधार कुठला राहिला? हा शब्द दुसऱ्याने म्हणायचा असतो, आणि तोही निकालानंतर.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाकडे अशा माणसाला काय म्हणतात? वसमतकडे वेगळं, सेनगावकडे वेगळं, किनवटच्या बाजूला आणखी काही म्हणत असतील. आजी-आजोबांना विचारा, व्हॉइस नोट पाठवा. चांगले शब्द मिळाले तर पुढच्या भागात तेच घेऊ. आणि तुमच्या आसपास कुणी पहाटे एकटंच धावताना दिसत असेल, तर निकालाची वाट न बघता आजच त्याला विचारा, काही लागतं का?

भेटू पुढच्या भागात. राम राम!